आर्करूलाला चार रात्री राहा, उलुरू पुढच्या वेळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नला राहणारं कुटुंब, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. जुलैत सांगलीहून आई-वडील येणार आहेत. वडील एकाहत्तर वर्षांचे, मधुमेहामुळे इन्सुलिन घेतात. सगळे मिळून सहा जण, घरची सात आसनी एसयूव्ही, हाताशी नऊ दिवस. बेत आहे मेलबर्न, फ्लिंडर्स पर्वतरांग, आर्करूला या डोंगराळ अभयारण्यातला कॅम्प, कूबर पीडी, उलुरू आणि परत. हे जमेल का, गाडी चालेल का, वडिलांना नेणं शहाणपणाचं आहे का, आणि सोबत काय काय घ्यायचं?

मी अॅडलेडला राहतो. गेली बरीच वर्षं थंडीत एकदा तरी उत्तरेकडे जातो, कधी घरच्यांबरोबर, कधी इथल्या मराठी मंडळींच्या तीन-चार गाड्या घेऊन. त्या अनुभवावरून सांगतो: वडिलांना जरूर न्या. गाडी चालेल, पण काही अटींवर. बेत मात्र चालणार नाही. उलुरू यादीतून काढून टाका.

वाईट वाटेल, कारण आई-बाबा आले आहेत तर लाल खडक दाखवायचाच असं मनात असतं. पण नकाशा नीट बघा. पोर्ट ऑगस्टापासून उलुरू बाराशे किलोमीटरहून जास्त आहे, एकाच बाजूने. आर्करूला दुसऱ्याच दिशेला, अॅडलेडच्या उत्तरेला साधारण सातशे किलोमीटरवर, आणि तिथून पुढे उलुरूकडे जाणारा सोयीचा रस्ता नाही. आलात तसं मागे फिरावं लागतं. नऊ दिवसांत दोन्ही करायचं म्हणजे बाबा नऊ दिवस काचेतून बाहेर बघणार आणि संध्याकाळी मोटेलच्या खोलीत पाय चेपत बसणार. उलुरूला नंतर विमानानेही जाता येईल. आर्करूलाला नेहमीची विमानं जात नाहीत, रस्त्यानेच जावं लागतं, आणि तो रस्ता तुमच्याकडे आहे.

मी असतो तर दिवस असे लावले असते. पहिल्या दिवशी मेलबर्न ते मिल्ड्युरा. दुसऱ्या दिवशी रेनमार्क, पीटरबरो करत हॉकर किंवा क्वॉर्न. तिसऱ्या दिवशी आर्करूला. तिथे चार रात्री. सातव्या दिवशी खाली, फ्लिंडर्समधल्याच विल्पेनाला एक मुक्काम, मग दोन दिवसांत घरी. जुलैत शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे जागा आजच धरा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मराठी घरांचे डबे यात अडकतात. व्हिक्टोरियातून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना रेनमार्कच्या अलीकडे यांबा इथे फळमाशीची तपासणी चौकी आहे. टोमॅटो, मिरच्या, पेरू, संत्री असलं काही गाडीत असेल तर तिथे टाकून द्यावं लागतं, आणि लपवून नेलं तर दंड बसतो. ताजी भाजी पलीकडे गेल्यावर घ्या. सुका शिधा घरून आणा: भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. छोटा कुकर आणि गॅसची शेगडी असली की सहा जणांचं जेवण अर्ध्या तासात होतं. वारा मात्र खूप असतो, तेव्हा शेगडीला आडोसा करायला पत्रा ठेवा.

आता गाडी. हॉकरवरून लीक्रीक आणि कोप्लीपर्यंत डांबरी रस्ता आहे. कोप्लीपासून आर्करूला सुमारे १३० किलोमीटर, तो सगळा कच्चा. कोरडा असेल तर साधी गाडीही सावकाश जाते, त्यामुळे तुमच्या एसयूव्हीची मला काळजी नाही. काळजी आहे ती स्टेपनीची आणि वजनाची. या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत मागे बारीक, तात्पुरती स्टेपनी असते. शहरात ती ठीक आहे, पण दगडगोट्यांच्या रस्त्यावर तिचा भरवसा नाही. आजच डिकी उघडून बघा. बारीक असेल तर पूर्ण मापाचं एक चाक विकत किंवा उसनं घ्या. जॅक आणि पाना बाहेर काढून घराच्या अंगणात एकदा चाक बदलून बघा. नट फिरत नसेल तर ते घरी कळावं, वाटेतल्या बाल्कनूनाच्या माळावर नको.

सहा माणसं बसली की तिसऱ्या रांगेमागे जेमतेम दोन पिशव्यांची जागा उरते. मग सगळं छतावर जातं आणि गाडी वरून जड होते. खडीवर वळणात मागचा भाग सरकतो तो यामुळेच. छतावर फक्त हलकं ठेवा: तंबू, पांघरुणं, कपडे. पाणी आणि धान्य खाली, पायाशी. यावर सोपा उपाय म्हणजे आई-बाबांसाठी आर्करूलातच खोली घ्या. तिथे मोटेल आहे, उपाहारगृह आहे, इंधनही मिळतं. तुम्ही चौघं ओढ्याकाठच्या कॅम्पवर तंबू टाका. संध्याकाळभर सगळे एकत्र आणि रात्री बाबांना गरम खोली. गाडी भाड्याची घ्यायचा विचार असेल तर करार नीट वाचा. बहुतेक भाड्याच्या गाड्यांचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू होत नाही.

कोप्लीला थांबणं मी कधी चुकवत नाही. तिथे क्वांडाँग या लाल रानफळाचं सारण भरून भाजलेले ‘पाय’ (pie) मिळतात, आंबटगोड, आपल्या करवंदाच्या मुरांब्याची आठवण करून देणारे. मुलं खात असतील तेवढ्यात टायरची हवा कमी करायची. मी गार टायरमध्ये ३६ पीएसआयवरून २८ वर आणतो. व्हॉल्वची टोपी काढून आतली पिन दाबली की फुस्स आवाज सुरू होतो, मधूनमधून मापक लावून बघायचं. एका चाकाला दोन-तीन मिनिटं लागतात. हवा कमी झाली की टायर किंचित पसरतो, अणकुचीदार दगड त्यात घुसण्याऐवजी त्यावरून सरकतो आणि बसणारा हादराही सौम्य होतो. त्याबरोबर वेगही उतरवायचा. कमी हवा आणि जास्त वेग एकत्र आले की टायर तापतो आणि फाटतो. मी सत्तरच्या वर जात नाही. रस्त्यावर पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात, इथे त्यांना कॉरुगेशन म्हणतात. वेगाने गेलं की त्या जाणवत नाहीत असं कुणीतरी सांगेल. खरं आहे, कारण गाडी त्यांच्या माथ्यावरून जवळजवळ तरंगत असते. पण तेव्हा ब्रेकही धरत नाही आणि सुकाणूही ऐकत नाही. मागे नातवंडं बसलेली असताना हे करू नका. परतताना हवा पुन्हा भरायला बारा व्होल्टचा छोटा पंप सोबत ठेवा.

कोप्ली दुपारी दोनच्या आत सोडा. यावर माझा फार आग्रह आहे, कारण मी एकदा ते केलं नाही. माझी दुसरीच फेरी होती, जुलै महिना. कोप्लीहून निघायला साडेचार वाजले. पश्चिमेचे डोंगर आधीच सूर्य गिळतात, साडेपाचला काळोख पडू लागला. नेपाबन्नाची वस्ती ओलांडल्यावर एका ओढ्याच्या उतारावर युरो, म्हणजे डोंगरी कांगारू, झुडपातून थेट बंपरवर आला. तो जागीच गेला. रेडिएटर फुटला, खालून हिरवं पाणी मातीत मुरताना टॉर्चच्या उजेडात दिसत होतं. फोनला रेंज नव्हती. मी आणि बायको रात्रभर गाडीत बसलो, अंगावर होते नव्हते तेवढे कपडे. पहाटे काचेवर आतून बर्फाची नक्षी जमली होती. सकाळी आठ वाजता जवळच्या मेंढ्यांच्या रानावरचा एक माणूस त्याच्या गाडीतून आला आणि ओढून नेलं. आमच्याकडे वीस लिटर पाणी होतं आणि आम्ही गाडी सोडून चालत निघालो नाही, या दोन गोष्टींमुळे ती फक्त एक थंड रात्र ठरली. त्या मुक्या जनावराचं मात्र अजून वाईट वाटतं. तासभर आधी निघालो असतो तर तो ओढ्यावर पाणी पिऊन परत गेला असता.

गाडी बंद पडली तर तिच्यापाशीच थांबायचं, हे मुलांनाही सांगून ठेवा. विमानातून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. पाणी माणशी रोजचं दहा लिटर धरा आणि ते एकाच पिंपात न ठेवता तीन-चार कॅनमध्ये ठेवा. एक फुटला तरी बाकीचे राहतात. संपर्कासाठी पीएलबी नावाचं हातात मावणारं यंत्र भाड्याने मिळतं. त्याची कळ दाबली की ४०६ मेगाहर्ट्झवरचा संकेत उपग्रहामार्फत कॅनबेराच्या बचाव केंद्रात जातो. जीवावर बेतलं तरच ते वापरायचं. आयफोन १४ किंवा त्यानंतरचा फोन असेल तर उपग्रहावरून आपत्कालीन संदेशही पाठवता येतो, फक्त आकाश मोकळं हवं, खोल घळीत ते जमत नाही. समोरच्या गाड्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओ असतो, रस्त्यावर ४० नंबरची वाहिनी लावून ठेवायची.

आणि पाऊस. तिथे पाऊस क्वचित पडतो, पण पडला की मातीचा साबण होतो आणि सरकार रस्ते बंद करतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड आहे, आणि ते योग्यच आहे, कारण एका गाडीने पाडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढे कित्येक आठवडे सगळ्यांना छळते. राज्य सरकार आउटबॅकमधल्या, म्हणजे आतल्या ओसाड भागातल्या, रस्त्यांची स्थिती रोज जाहीर करतं. निघायच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा हॉकरला ती बघा. बंद असेल तर विल्पेनाला राहा, तेही सुंदर आहे.

बाबांच्या इन्सुलिनची लोक उन्हाळ्यात काळजी करतात. जुलैत धोका उलटा असतो. रात्री तापमान शून्याच्या आसपास जातं. तंबूत किंवा गाडीत ठेवलेलं इन्सुलिन गोठलं तर ते वापरायचं नाही, वितळल्यावर नीट दिसत असलं तरी. गाडीतल्या फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. खोली घेतलीत तर हा प्रश्नच मिटतो. दोन जागी विभागून न्या, डॉक्टरांचं पत्र घ्या, पाहुण्यांचा आरोग्य विमा आधीच्या आजारांना धरतो का तेही विचारा. लीक्रीकला दवाखाना आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ऑगस्टाला. गंभीर प्रसंगी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान येतं. जॉन फ्लिन यांनी १९२८ साली क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरीहून ही सेवा सुरू केली, आणि आउटबॅकमध्ये माणसं राहू शकतात ती बऱ्याच अंशी तिच्यामुळे. बाबांना चपला घालून फिरू देऊ नका. स्पिनिफेक्स गवताची पाती सुईसारखी असतात आणि मधुमेही पायाला ती लवकर कळत नाहीत. बंद बूट आणि जाड मोजे घालायला द्या.

आर्करूला म्हणजे काय, हे निघण्याआधी मुलांना सांगून ठेवा. ही मुळात मेंढ्यांची जागा होती. रेग स्प्रिग नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९६८ साली ती घेतली आणि अभयारण्य केलं. याच स्प्रिग यांना १९४६ साली फ्लिंडर्सच्या पश्चिमेला ईडियाकाराच्या टेकड्यांत मऊ शरीराच्या अतिप्राचीन जिवांचे ठसे सापडले होते. त्यावरूनच पुढे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाला ईडियाकरन हे नाव मिळालं. १९६२ साली ते, त्यांच्या पत्नी ग्रिझेल्डा आणि दोन लहान मुलं असे निसान पॅट्रोल या गाडीतून सिम्प्सन वाळवंट ओलांडून गेले. मोटारीने ते वाळवंट ओलांडणारे ते पहिले. तुमच्याबरोबरही लहान मुलं आहेत म्हणून हे सांगितलं. २०१२ साली राज्याने खास कायदा करून आर्करूलात खाणकाम कायमचं बंद केलं.

आपण सह्याद्रीची माणसं, खडक बघत वाढलेली. आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. आर्करूलाच्या माउंट पेंटर भागातले खडक दीडशे कोटी वर्षांहून जुने आहेत. बराराना घळीत चालत जाल तेव्हा उभ्या कातळावर वाळूवरच्या लाटांच्या रेघा दिसतील, बोट फिरवलं तर खोबणी लागते. कधीकाळच्या उथळ पाण्याने उमटवलेल्या, आता दगड होऊन उभ्या राहिलेल्या. माझ्या वडिलांना मी तिथे नेलं तेव्हा ते पंधरा मिनिटं त्या खडकावर तळहात ठेवून उभे होते. आम्ही कुणी काही बोललो नाही.

रिजटॉप नावाची सहल बुक करा. तिथल्याच उघड्या जीपमधून डोंगराच्या कण्यावरून नेतात. त्या वाटेवर स्वतःची गाडी नेता येत नाही, आणि चढ बघितलात की न्यावीशीही वाटणार नाही. शेवटी सिलर्स लुकआउटवरून पूर्वेला लेक फ्रोम दिसतं, मिठाने पांढरंशुभ्र. बाबांच्या पाठीला त्रास असेल तर मात्र त्यांना पाठवू नका, हादरे खूप बसतात. अर्धा दिवस जातो आणि वर वारा बोचरा असतो, कानटोप्या घ्या. परलाना इथे गरम पाण्याचा झरा आहे. आपल्याला वज्रेश्वरीची सवय, पाय सोडून बसावंसं वाटेल. तिथे तसं करू नका. ते पाणी किरणोत्सारी खडकांतून येतं आणि त्यातून रेडॉन वायू निघतो. लांबून बघून परत फिरायचं.

ही भूमी अडन्यमथन्हा लोकांची. त्यांची कथा अशी, की अकुर्रा हा महासर्प लेक फ्रोमला उतरला आणि सगळं तळं पिऊन बसला. जड पोटाने परत डोंगरात सरपटला, त्याच्या वळणांनी आर्करूलाची घळ कोरली गेली. तो अजून वर एका डोहात निजलेला आहे आणि त्याचं पोट गुडगुडतं तो आवाज जमिनीतून येतो. या भागात छोटे भूकंप खरोखरच वारंवार होतात. वाटेत इगा वार्ता इथे हेच लोक पाहुण्यांना रानातली औषधं, फळं आणि गोष्टी दाखवतात. तिथे दोन तास ठेवा. आणि विल्पेनाला सेंट मेरी शिखराच्या माथ्यावर चढू नये अशी त्यांची विनंती आहे, ती पाळा. खालच्या वाटा पुष्कळ आहेत.

कॅम्पवर जागा निवडताना ओढ्याच्या कोरड्या वाळूत तंबू टाकू नका, कितीही मऊ असली तरी. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि लोंढा इथे येतो. मोठ्या रेड गम झाडाखालीही नको. ही निलगिरीची जात वारा नसतानाही अख्खी फांदी सोडते. सरपण रानातून उचलू नका, पोकळ ओंडका कुणाचं तरी घर असतो.

संध्याकाळी चारच्या सुमारास कातळाच्या पायथ्याशी जाऊन गप्प बसा. आधी काहीच दिसत नाही. मग एक दगड हलतो आणि कळतं, की तो पिवळ्या पायांचा वॉलबी, म्हणजे लहान कांगारू, आहे. राखाडी पाठ, गालावर पांढरी रेघ, आणि लांब शेपटीवर पिवळे-तपकिरी पट्टे, एकाआड एक. कातडीसाठी यांची खूप शिकार झाली, नंतर रानबोकडांनी त्यांचं गवत आणि गुहा बळकावल्या. आर्करूला हा त्यांचा मोठा आसरा आहे. त्यांना काही खायला घालू नका. तुमची मुलं जितका वेळ हलणार नाहीत तितका वेळ ते समोर राहतील, आणि माझा अनुभव आहे की मुलं मोठ्यांपेक्षा जास्त वेळ शांत बसतात.

रात्रीसाठी बाबांना खुर्ची आणि दोन घोंगड्या द्या. २०२३ साली आर्करूलाला आंतरराष्ट्रीय मान्यतेचं अंधाऱ्या आकाशाचं अभयारण्य म्हणून मान मिळाला, तिथे वेधशाळाही आहे. पण पहिल्या रात्री दुर्बीण नको. सांगलीहून वृश्चिक दक्षिणेला अर्ध्या आकाशात तिरका दिसतो. इथे जुलैत रात्री साडेनऊ-दहाला ज्येष्ठा जवळजवळ थेट डोक्यावर असते, आणि मूळ नक्षत्राचा आकडा आकाशगंगेच्या सगळ्यात दाट भागात बुडालेला. आपल्याकडे क्षितिजाच्या धुळीत कसाबसा सापडणारा त्रिशंकू इथे उंच टांगलेला असतो. त्याच्या शेजारी आकाशगंगेत काळा डाग आहे. इथल्या अनेक मूळ रहिवाशांच्या दृष्टीने ते एमू पक्ष्याचं डोकं, आणि तिथून वृश्चिकापर्यंत पसरलेला काळोख म्हणजे त्याची मान आणि अंग. आपण ताऱ्यांच्या रेघा जोडतो, हे लोक मधला अंधार वाचतात. मुलांना एमू आधी दिसतो, आजोबांना नंतर. चंद्र नसलेल्या तारखा धरा, अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस. तुमच्या सुट्टीत ते बसत नसतील तर निदान चंद्र मावळायची वेळ बघून ठेवा.

चार रात्री का, तर पहिली थकव्यात जाते, दुसऱ्या दिवशी सहल, तिसऱ्या दिवशी मुलांना दगड आणि आई-बाबांना तिथली सकाळ ओळखीची होते, आणि चौथ्या दिवशी कुणीच कुठे जाऊया म्हणत नाही.

निघताना मेलबर्नच्या एखाद्या मित्राला कागदावर लिहून द्या: कुठल्या रस्त्याने, कुठल्या दिवशी कोप्ली, कुठल्या दिवशी परत, आणि ठरलेल्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. परतताना लीक्रीक किंवा कोप्लीला रेंज आली की हवा भरायच्या आधी त्याला फोन करा.